राहिलेला एक इंच

मास्तरांच्या टेपला पहिला इंच नव्हता. टोकाची पितळी पट्टी फार वर्षांपूर्वी निघून पडली, मग टोकाचे धागे सुटायला लागले, आणि एक दिवस वैतागून त्यांनी एकच्या आकड्यावर कात्री चालवली. नवी टेप लगेच आणली होती. ती खिळ्यावर लटकली ती लटकलीच. जुनीचा हाताला सराव होता, आणि सरावाची वस्तू माणूस सहसा टाकत नाही.

त्यामुळे त्या शिवणाच्या दुकानात एक नियम होता. मापं घ्यायची मास्तरांची बायको. छाती छत्तीस असली तर टेप सदतीस दाखवायची. ती वहीत सदतीसच लिहायची, निळ्या पेनानं. मग वही मास्तरांकडे यायची, ते त्या आकड्याखाली तांबड्या पेन्सिलीनं छत्तीस लिहायचे आणि त्यानंतरच कापडाला कात्री लागायची. लिहायचं तिनं, वजा करायचं त्यांनी. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा दोघांनीही वजा केलं होतं, आणि बँकेतल्या एका साहेबांचा कोट असा बसला की त्यांना श्वास घेता येईना. "कोट झकास झालाय," साहेब म्हणाले होते, "फक्त मला यातून बाहेर काढा." त्या दिवसापासून नियम पक्का झाला. पुढे तीस वर्षांत तशी चूक पुन्हा झाली नाही. गिऱ्हाइकं तिला मापवालीच म्हणायची.

मापवाली जाऊन चार महिने झाले होते. भर दुपारी इस्त्री करताना छातीत कळ आली म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मास्तर रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. तसं काही नव्हतं. त्यांना कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं.

एक जुनं गिऱ्हाईक शर्ट शिवायला आलं म्हणून मास्तरांनी मापांची वही काढली, आणि पानं चाळताना त्यांना मागच्या पानावर ती यादी दिसली. निळ्या पेनानं लिहिलेली, ओळीखाली ओळ, सारखं अंतर सोडून. प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅम. ग्राफिक्स कार्ड. पॉवर सप्लाय. कॅबिनेट.

मास्तरांनी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं.

ही यादी कसली, ते त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी लेक नोकरीच्या गावी राहायला गेली, तेव्हा आपला जुना लॅपटॉप आईजवळ ठेवून गेली. त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. माल भरायचा, रस्त्याला लागायचं, वेळेत पोचवायचा. जन्मात सायकलवर न बसलेली बाई संध्याकाळी दुकान आवरलं की त्या ट्रकवर बसायची.

"कुठे निघालीस?" मास्तर विचारायचे.

"सिमेंट घेऊन निघालेय. चारशे किलोमीटर आहे. चहाचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

पण लॅपटॉप म्हातारा होता. तासाभरात तापायचा, घरघरायचा, चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं, आणि नेमका वळणावर ट्रक खड्ड्यात जायचा. "गाडी चालवायला येते हो मला," ती म्हणायची. "रस्ताच अडखळतो, त्याला मी काय करू?"

मग तिनं ठरवलं की खेळासाठी चांगला कॉम्प्युटर करायचा. एकेक भाग निवडून, आपल्या हातानं जोडून.

"तयार मिळतात की," मास्तर म्हणाले.

"शिंप्याच्या घरात तयार आणायचं? गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल."

"आण बाई काय ते. पण माझ्या टेबलावर नको."

ते टेबल म्हणजे कापायचं टेबल. त्यावर कापड, खडू, पट्टी आणि कात्री, एवढंच. चहाचा कप ठेवला तर मास्तर दिवसभर बोलायचे नाहीत. तिनं वाद घातला नाही. टेबलाखाली अस्तराचे तागे ठेवायचा खण होता, तो रिकामा केला, पुसला, आणि तागे वर माळ्यावर टाकले. पुढे काही महिने ती लेकीला फोन करून आणि यूट्यूबवर बघून कुठला भाग कुठल्या भागाला चालतो ते शिकत होती. मास्तरांना त्यातलं काही कळायचं नाही आणि त्यांनी कळून घेतलंही नाही.

एका दुपारी मास्तर गिऱ्हाइकाच्या लग्नाचा सूट कापत होते. ती वही घेऊन टेबलाजवळ आली. "जरा वही बघता का?" म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली नाही. "नंतर. आणि काय गं, आजी व्हायच्या वयात तुझे हे खेळ. कुणी विचारलं बायको काय करते, तर काय सांगू? ट्रक चालवते?"

"सांगा की. पगार नाही म्हणावं अजून."

हसली आणि वही मिटून गेली. नंतर तिनं वही पुढे केली नाही, आणि मास्तरांनी मागितली नाही. तीन आठवड्यांनी ती गेली.

आता यादी पुढ्यात होती. मास्तरांनी ती दहा वेळा वाचली, आणि ठरवलं की तिनं जे निवडलंय ते, तसंच्या तसं, एकही गोष्ट न बदलता आणायचं आणि जोडायचं. कशासाठी, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लेकीनं फोनवर विचारलंच. ते म्हणाले, "कापड कापून ठेवलंय तिनं. शिवायला नको?"

*

सुट्या भागांचं दुकान एका बाई चालवत होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि वाचायची वेळ आली की गळा सोडून सगळीकडे तो शोधायच्या. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"काका, यादी कुणी केलीय?"

"घरातून केलीय."

"पहिल्यांदाच जोडताय ना? नाही, पहिल्यांदा जोडणारे येतात ते प्रोसेसर घेतात राजासारखा आणि पॉवर सप्लाय घेतात भिकाऱ्यासारखा. मग महिन्यात धूर. इथे बघा, लागतो त्यापेक्षा दीडपट घेतलाय. आणि शेजारी काय लिहिलंय हे?" त्यांनी चष्मा सापडल्यावर वाचलं. "'आत कापड सोडणे.' म्हणजे?"

"शिवणीत जास्तीचं कापड सोडतात. पुढे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं."

"बरोबर आहे की. पुढे कार्ड मोठं टाकलं तरी चालेल." बाई खुशीत आल्या. एका प्रोसेसरवर काट मारून 'हा या बोर्डाला बसत नाही, काज एक आणि बटण दुसरं' असं लिहिलं होतं, ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. कीबोर्डपुढे 'काळा नको, खडू दिसतो' लिहिलं होतं, त्यावर त्या हसल्या. मास्तरही थोडे हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम असं वाचत होतं.

बाईंनी एकेक खोका काढून ठेवला. शेवटी कॅबिनेट उरलं, सगळे भाग ज्यात बसवायचे तो पत्र्याचा डबा. पुढून जाळीचा, 'हवा खेळते' असं शेजारी लिहिलेला.

"हा कुठे ठेवणार? खाली 'खण, उंची अठरा' लिहिलंय. डबा साडेसतरा इंच आहे. अर्धा इंच उरतो. काठावर पास. अठरा पक्के ना?"

मास्तर हो म्हणणार होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. अठरा निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली तांबडी पेन्सिल नव्हती.

"काका?"

"थांबा. हे अठरा की सतरा, ते सांगता येत नाही."

"लिहिलंय की अठरा."

मास्तरांनी टेपची गोष्ट सांगितली. लिहायचं तिनं, वजा करायचं त्यांनी. आता तिनं हा आकडा नेहमीसारखा टेपवरचा लिहिलाय, की आधीच एक वजा करून लिहिलाय?

"मग त्यांनाच विचारा ना. फोन लावा."

मास्तरांनी वही आपल्याकडे ओढली. "ती नाही आता," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. थोडा वेळ खोके सरळ करत राहिल्या, मग कामाचं बोलल्या. तेच बरं वाटलं. "खण सतराच असेल तर हा डबा जाणार नाही. छोटा डबा घ्यावा लागेल. छोट्यात हे कार्ड मावत नाही, लांब आहे. कार्ड बदललं की…"

"एक धागा ओढला की सगळी शिवण."

"तसंच. तुम्ही घरी जाऊन मोजा. मी हे बाजूला ठेवते. उद्या या, परवा या."

*

घरी येऊन मोजणं दोन मिनिटांचं काम होतं. मास्तरांनी ते त्या दिवशी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही केलं नाही. एका कोटाची काजं करत बसले, आणि अकरा काजं झाल्यावर लक्षात आलं की कोटाला बटणं सहाच आहेत.

दुपारी लेकीचा फोन आला. "मोजलं का, बाबा?"

"मोजतो."

"अहो, टेप गळ्यातच असते तुमच्या. वाका आणि मोजा."

"मोजतो म्हटलं ना."

लेक आईसारखीच होती, सोडणारी नव्हती. "काय झालंय नेमकं?"

मग मास्तर बोलले. फोनवर एवढं ते कधी बोलत नसत. "हे बघ. त्याच टेपनं मोजायचं. एकोणीस आलं, तर तिनं एक स्वतःच वजा केलाय. म्हणजे यादी बरोबर, डबा बसतो, काही बदलायला नको. पण म्हणजे मी त्यात नव्हतो. मी त्या दिवशी 'नंतर' म्हणालो, आणि तिनं ठरवलं, याच्या नादी लागायला नको, आपलं आपण करू. तीस वर्षांत तिनं एकदाही वजा केलं नव्हतं, पोरी."

"आणि अठरा आलं तर?"

"अठरा आलं तर तिनं नेहमीसारखं लिहिलं. माझ्यासाठी जागा ठेवली. पण मग यादी चुकली. डबा बसत नाही, कार्ड बसत नाही. सगळं बदलायचं, आणि काय घ्यायचं ते सांगायला ती नाही."

लेक हळूच म्हणाली, "तुम्हाला काय यायला हवंय, बाबा?"

"कुकर लावलाय," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता.

त्यांनी दुकानाचं दार लोटलं. टेबलापुढे गुडघे टेकायला वेळ लागला. खाली वाकून मापं घ्यायची सवय तिला होती, त्यांना नव्हती. खणात धूळ बसली होती, आणि मागच्या कोपऱ्यात तिनं भिंतीतून तार आणायला पाडलेलं छोटं भोक होतं. भोकाच्या कडा तिनं काचकागदानं घासल्या होत्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. कापलेलं टोक खणाच्या तळाला लावलं, अंगठ्यानं दाबलं, आणि टेप वर ताणली.

अठरा.

त्यांनी दुसऱ्या बाजूनं मोजलं. अठराच.

म्हणजे खण सतरा इंचांचा होता. डबा जाणार नव्हता. मास्तर तिथेच फरशीवर बसले, टेबलाच्या पायाला पाठ लावून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती थांबवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

तिनं आपल्याला मनातून काढलं नव्हतं तर. पण तिनं डबा निवडला तो अठरा धरून. इतकी बारकाईनं यादी करणारी बाई, काज कुठलं आणि बटण कुठलं ते शोधून काढणारी, ती एक इंच कसा विसरली? विसरली नव्हती. तो तिच्या कामातच नव्हता. तीस वर्षं ती आकडा लिहायची, वही पुढे करायची, आणि पुढचं आपोआप नीट व्हायचं. जरा वही बघता का, म्हणाली होती. यादीचं कौतुक करा म्हणून नाही, की परवानगी द्या म्हणूनही नाही. रोज प्रत्येक गिऱ्हाइकाची वही जशी पुढे करायची तशी केली होती. मास्तरांनी नुसती नजर टाकली असती तरी हात पेन्सिलीकडे गेला असता. "अगं, सतरा आहेत हे," एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली असती, "अरे देवा, मग दुसरा डबा बघते," आणि आठवड्यात सगळी यादी पुन्हा जुळवून आणली असती.

चूक तिची नव्हती. राहिलेला इंच मास्तरांचा होता.

*

"मग काय निघालं, सतरा की अठरा?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"सतरा."

"मग छोटा डबा दाखवते. आणि कार्डात दोन प्रकार…"

"नाही. यादीतलंच द्या. सगळं."

"काका, खणात जाणार नाही तो."

"ठाऊक आहे."

"टेबल कापणार की काय?"

"टेबलाला काही करत नाही."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खोके बांधायला घेतले. "यादीत 'डिस्क जुन्या लॅपटॉपमधली, खेळ त्यात' लिहिलंय, ती आणलीत ना? ती यात लावू. खेळ जिथे थांबला असेल तिथून चालू होईल. आणि अडलं तर फोन करा. बोर्डाला हात लावायच्या आधी पत्र्याला लावा, अंगातली वीज उतरते."

जोडायला मास्तरांना दोन दुपारी लागल्या. यादीच्या पाठीमागे तिनं क्रमही लिहून ठेवला होता. कुठला भाग आधी, कुठला मागून, कोट शिवताना असतो तसा. मास्तरांची बोटं बारीक कामाला सरावलेली, स्क्रू त्यांना जड गेले नाहीत. रॅमच्या पट्टीनं मात्र घाम काढला. जोरानं दाबायची भीती वाटत होती. 'घाबरू नये, टच्‌ आवाज येईपर्यंत दाबणे,' असं तिनं लिहिलं होतं. स्वतःसाठीच लिहिलं असणार. मास्तरांनी दाबलं, आवाज आला.

हे सगळं काम कापायच्या टेबलावर चाललं होतं. जोडून झालं तरी डबा तिथून हलला नाही. डाव्या अंगाला, भिंतीशी, जिथे मास्तर कपही ठेवू देत नव्हते, तिथे तो राहिला. शेजारी पडदा, पुढे पांढरा कीबोर्ड. खणातल्या भोकातून त्यांनी तार वर घेतली.

लेकीनं फोनवर एकेक पायरी सांगितली. पंखे फिरले, पण आवाज जवळजवळ नव्हता. पडद्यावर खेळ उघडला. तिचा ट्रक एका पेट्रोल पंपाच्या बाजूला उभा होता, निळ्या रंगाचा, मागे लाकडाचे ओंडके बांधलेले. पुढे स्वच्छ, लांब रस्ता, आणि चित्र कुठेही अडखळत नव्हतं. कोपऱ्यात लिहिलं होतं, एकशे बारा किलोमीटर बाकी.

"दिसतोय का?" लेकीनं विचारलं.

"दिसतोय."

"चालवा ना मग, बाबा. मी सांगते कसं ते."

"नको. ते माझं काम नाही." मग पडद्याकडे वाकून म्हणाले, "उभा आहे तो बरा आहे. इंजिन चालू आहे त्याचं."

फोन ठेवल्यावर त्यांनी वही काढली, यादीचं पान उघडलं आणि कानावरची तांबडी पेन्सिल घेतली. निळ्या अठराखाली त्यांनी सतरा लिहिलं. नेहमीसारखं, जरा तिरकं. वही मिटून जागच्या जागी ठेवली.

कोटाचं कापड सकाळपासून वाट बघत होतं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं. डाव्या अंगाला आता जागा नव्हती, कापड पुरतं उलगडेना. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, कापड मधून दुमडून घेतलं, आणि खडू शोधायला लागले.